जीवाणू मारणं सोपं, बुरशी मारणं अवघड: असं का?

२०२१च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रात अँफोटेरिसिन-बी नावाच्या इंजेक्शनसाठी लोक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावत होते. करोनातून नुकतेच उठलेले, त्यातही मधुमेह असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्ण म्युकरमायकोसिसच्या तावडीत सापडत होते. नाकात सुरू झालेली बुरशी डोळ्यामागे जायची, तिथून मेंदूकडे. जीव वाचवायला काहींचा डोळा काढावा लागला, काहींचा वरचा जबडा. त्या दिवसांत नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारायचे. मेडिकलमध्ये अँटिबायोटिकच्या इतक्या गोळ्या भरून ठेवलेल्या आहेत, त्यातली एकही या बुरशीवर का चालत नाही? आणि जे औषध चालतं, त्याने रुग्णाची किडनीच का धोक्यात येते?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ‘आदिकेंद्रकी पेशी आणि दृश्यकेंद्रकी पेशी यांतील फरक स्पष्ट करा.’ दोन रकाने आखून आपण सगळ्यांनी तो पाठ केला, परीक्षेत उतरवला आणि विसरलो. या तक्त्यावर अख्खं औषधशास्त्र उभं आहे हे मात्र वर्गात क्वचितच कुणी सांगितलं.

खोली आणि वाडा

सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात आणि पेशींच्या घडणी मुळात दोनच. ज्या पेशीत डीएनए एका पडद्याच्या आत, केंद्रकात ठेवलेला असतो ती दृश्यकेंद्रकी. ज्या पेशीत केंद्रकच नाही, डीएनए आतल्या द्रवात उघडाच असतो, ती आदिकेंद्रकी. जीवाणू आदिकेंद्रकी. आपण, आंब्याचं झाड, बोंबील, अमीबा, मलेरियाचा परजीवी, पावातलं यीस्ट आणि शिळ्या भाकरीवरची बुरशी हे सगळे दृश्यकेंद्रकी. हे दोन शब्द जड आहेत, म्हणून यापुढे केंद्रकवाली पेशी आणि बिनकेंद्रकाची पेशी एवढंच म्हणू.

बिनकेंद्रकाची पेशी म्हणजे चाळीतली एक खोली. स्वयंपाक, अभ्यास, झोप, पाहुणेरावळे, सगळं त्याच दहा बाय दहात. केंद्रकवाली पेशी म्हणजे वाडा. माजघर वेगळं, कोठार वेगळं, मोरी वेगळी आणि घराण्याची कागदपत्रं एका आतल्या खोलीत कुलपात. ती कुलपातली खोली म्हणजे केंद्रक. वाड्याच्या बाकीच्या दालनांना जीवशास्त्रात अंगकं म्हणतात. त्यातल्या एका दालनाबद्दल, तंतुकणिकेबद्दल, पुढे सविस्तर बोलायचंच आहे.

आकारातही खोली आणि वाड्याइतकाच फरक. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू साधारण २ मायक्रॉन लांब, म्हणजे असे ५०० एका ओळीत ठेवले की १ मिलिमीटर भरतो. आपल्या बहुतेक पेशी १० ते ३० मायक्रॉन रुंद. रुंदी दहापट म्हणजे घनफळ हजारपट, हे लक्षात घेतलं की वाडा शब्द अतिशयोक्तीचा वाटत नाही.

कागदपत्रांचं प्रमाणही तसंच. ई. कोलायचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा. उलगडला तर दीड मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे जीवाणूच्या स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट, आणि तो त्या खोलीत वेटोळं होऊन राहतो. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास २ मीटर होतो.

फरक जिथे, औषध तिथे

जंतू मारायला काहीही चालतं. फिनेल चालतं, ब्लीचिंग पावडर चालते, काडेपेटी चालते. कठीण असतं ते जंतूला मारून रुग्णाला जिवंत ठेवणं. त्यासाठी औषधाने अशाच जागी घाव घालायला हवा, जी जंतूच्या पेशीत आहे आणि आपल्या पेशीत नाही किंवा निदान वेगळी आहे. जीवाणूंच्या बाबतीत अशा जागा भरपूर सापडतात, कारण त्यांची पेशी मुळातच वेगळ्या बांधणीची.

पहिली जागा भिंत. जवळपास सगळ्या जीवाणूंच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या पदार्थाची जाळीदार भिंत असते. आतला द्रव बाहेरच्यापेक्षा घट्ट असल्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहतं आणि पेशी आतून फुगत राहते. तिला फुटू न देणारी ही भिंतच. वाढणारा जीवाणू भिंतीत सतत नवे टाके घालत असतो. पेनिसिलिन, त्याचंच भावंड असलेलं अमॉक्सिसिलिन आणि त्यांचा सगळा गोतावळा हे टाके घालणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडकवतो. भिंत विरत जाते आणि जीवाणू आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, नुसतं पातळ पेशीपटल. त्यामुळे पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर आपल्या पेशींवर हे औषध जवळजवळ काहीच करत नाही.

मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूंनी ही भिंत टाकूनच दिली आहे. त्यांच्यामुळे न्यूमोनिया झाला तर अमॉक्सिसिलिनचा कोर्स कितीही इमानदारीने पुरा करा, ताप हटत नाही. औषध कमकुवत असतं म्हणून नव्हे. ते ज्या भिंतीवर काम करतं ती तिथे नसतेच.

दुसरी जागा रायबोझोम. डीएनएमधल्या मजकुरावरून प्रथिनं बनवणारी ही यंत्रणा दोन्ही प्रकारच्या पेशींत असते, त्यामुळे वरवर पाहता इथे औषधाला वाव नाही असं वाटेल. पण जीवाणूंचा रायबोझोम लहान आणि आपला मोठा. शास्त्रज्ञ त्यांना ७० एस आणि ८० एस म्हणतात (एस हे द्रवात खाली बसण्याच्या वेगावरून ठरवलेलं माप). दोघांची मूळ रचना एकच, पण खाचाखोचा वेगळ्या, आणि डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं नेमकी जीवाणूंच्या रायबोझोममधल्या खाचांत जाऊन बसतात. मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन देतात, त्यामागे हाच हिशेब. उंदरांच्या मुतातून आलेल्या लेप्टोस्पायराचं प्रथिनांचं काम बंद पडतं, तुमचं चालू राहतं.

या खाचा अणूअणूपर्यंत स्पष्ट दिसल्या त्या २०००च्या सुमारास. त्या कामासाठी २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, तेही भौतिकशास्त्राचे. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. रायबोझोमचा लहान भाग कसा दिसतो एवढंच दाखवून त्यांचा गट थांबला नाही. अँटिबायोटिक त्यात नेमकं कुठे बसतं, हेही त्यांनी दाखवलं.

हे सगळं घरच्या घरी पटवून घ्यायचं तर दुधाकडे पाहा. गाय-म्हशीला स्तनदाह झाला की अँटिबायोटिक देतात आणि मग काही दिवस ते दूध डेअरीला घालू नये असा नियम असतो. त्याची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक अगदी सरळ. त्या दुधाला विरजण लागत नाही. दही लावणारे जीवाणू बिनकेंद्रकाचे, त्यामुळे दुधात उतरलेलं औषध त्यांनाही मारतं. त्याच दुधात पावाचं पीठ भिजवलं तर ते मात्र फुगेल, कारण यीस्ट केंद्रकवालं. अँटिबायोटिकसोबत डॉक्टर कधीकधी सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टच्या पुड्या देतात त्या याच हिशेबाने. पोटातले जीवाणू औषधाने झोडपले जातात, यीस्टला त्याचा पत्ताही नसतो.

केंद्रक नाही म्हणजे मागास?

तक्ता पाठ करताना मनावर एक ठसा उमटतो. डावीकडचा रकाना साधा, उजवीकडचा प्रगत. माझ्या मते हा तक्त्याचा सगळ्यात मोठा तोटा. बिनकेंद्रकाच्या पेशी सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपासून पृथ्वीवर आहेत आणि तेव्हापासून उत्क्रांत होत आहेत. आपण त्यांच्यापुढे कालचे आहोत.

एकाच खोलीत सगळं असण्याचा फायदा म्हणजे वेग. आपल्या पेशीत डीएनएमधल्या मजकुराची नक्कल आधी केंद्रकात तयार होते, तिथे तिची काटछाट होते, मग ती पडद्यातून बाहेर येते आणि तेव्हा कुठे रायबोझोम तिला हात लावतो. जीवाणूत मध्ये पडदाच नाही. नक्कल अजून उतरून होत असते आणि तिच्या मोकळ्या टोकावर रायबोझोमने प्रथिन बनवायला घेतलेलंही असतं. खायला मुबलक मिळालं तर ई. कोलाय २० मिनिटांत एकाचे दोन होतात. गंमत अशी की पूर्ण डीएनएची नक्कल करायलाच त्यांना साधारण ४० मिनिटं लागतात. मग २० मिनिटांत विभाजन कसं? पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झालेली असते, म्हणजे जन्मणाऱ्या पेशीत तिच्या लेकींची तयारी आधीच चाललेली असते.

दुसरा फायदा आपल्याला महागात पडतो. जीवाणूंच्या मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळं असतात आणि ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. दुसरा त्याच जातीचा असला पाहिजे असंही नाही. १९५९ साली जपानमध्ये संशोधकांना आढळलं की आमांशाच्या शिगेला जीवाणूकडून एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देण्याची क्षमता ई. कोलायकडे जाते. आपल्याकडे आईबापांकडून मुलांकडेच गुण जातात. त्यांच्याकडे शेजाऱ्याकडूनही येतात. अँटिबायोटिक उगाच घेऊ नका असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. तुमच्या पोटातल्या निरुपद्रवी जीवाणूत निर्माण झालेला प्रतिकार उद्या एखाद्या उपद्रवी जीवाणूच्या हाती लागू शकतो.

बुरशी आपल्या नात्यातली

आता म्युकरकडे येऊ. बुरशी एका जागी उगवते, हलत नाही, म्हणून पूर्वी तिला वनस्पतींत मोजायचे. पण वंशावळ पाहिली तर झाडांपेक्षा बुरशी आपल्याला जवळची आहे. तिची पेशी केंद्रकवाली, रायबोझोम आपल्यासारखा ८० एस. पेप्टिडोग्लायकॅनची भिंत नाही. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन ज्या ज्या जागा शोधतात, त्यातली एकही तिच्यात नाही. उलट अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला की जीवाणू हटतात आणि मोकळ्या जागी कँडिडा नावाची बुरशी फोफावते. तोंडात पांढरा थर येतो, बायकांना अंगावरून पांढरं जाण्याचा आणि खाजेचा त्रास होतो.

मग बुरशी आपल्यापेक्षा वेगळी कुठे? फार थोड्या ठिकाणी. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतं, तिच्या पेशीपटलात त्याऐवजी अर्गोस्टेरॉल. दोन्ही रेणू दिसायला सख्ख्या भावंडांसारखे. अँफोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला घट्ट धरतं आणि त्यामुळे बुरशीचं पटल गळकं होऊन जातं. कोलेस्टेरॉलवर त्याची पकड सैल असते, पण सैल म्हणजे नाहीच असं नव्हे. किडनीच्या पेशींना त्याचा तडाखा बसतो. २०२१मध्ये ज्याची जास्त मागणी होती ते लायपोसोमल अँफोटेरिसिन म्हणजे हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेलं. किडनीला त्याचा त्रास कमी, किंमत मात्र कितीतरी जास्त. नातेवाइकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. औषधाला धरायला इतकाच बारीक फरक मिळाला होता.

बुरशीच्या औषधांचे मुख्य गट हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यातले बहुतेक या ना त्या मार्गाने अर्गोस्टेरॉलपाशीच येतात. फ्लुकोनाझोल आणि टर्बिनाफिन अर्गोस्टेरॉल बनण्याची साखळी वेगवेगळ्या कड्यांवर तोडतात. गेल्या काही वर्षांत गजकर्ण महिनोन्महिने जात नाही अशी तक्रार घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे येणारे वाढले आहेत. त्यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आहे. तिच्या ज्या विकराला टर्बिनाफिन अडवतं, त्या विकरातच तिने बदल करून घेतला आहे. त्यात दुकानदाराच्या सल्ल्याने आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं लावली की खाज थांबते, बुरशी पसरते. जीवाणूने एका औषधाला दाद दिली नाही तर डॉक्टरकडे वेगळ्या जागी काम करणारी दुसरी पाच-सात असतात. बुरशीच्या बाबतीत पर्याय लगेच संपतात.

इथे थोडं आडवळण घेतो. पेनिसिलिन बनवते पेनिसिलियम ही बुरशी, म्हणजे केंद्रकवाला जीव जीवाणूंना मारायला ते बनवतो. अँफोटेरिसिन बनवतो मातीतला स्ट्रेप्टोमायसिस हा जीवाणू, म्हणजे बिनकेंद्रकाचा जीव बुरशीला मारायला. मातीत या दोघांची भाऊबंदकी आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि एकमेकांच्या पेशीतला फरक त्यांना आपल्या आधी कळला होता. या भांडणात एक नाव आपल्या पिंपरीचंही आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीतून हॅमायसिन हे बुरशीचं औषध शोधलं. त्या जीवाणूचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

वाड्यातला जुना भाडेकरू

आतापर्यंतचा हिशेब सरळ आहे. जीवाणू वेगळे म्हणून औषध सोपं, बुरशी जवळची म्हणून अवघड. मग एखाद्याला रास्त शंका येईल की जीवाणूंची औषधं आपल्या पेशींना ओळखतच नसतील, तर काही अँटिबायोटिकांनी बहिरेपणा का येतो? हातापायांना मुंग्या का येतात?

कारण वाड्यात एक भाडेकरू आहे, जो मूळचा खोलीत राहणारा. आपल्या पेशीत अन्नातली ऊर्जा वापरण्याजोगी करून देणाऱ्या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जीवाणू होत्या. दीड अब्ज वर्षांहूनही आधी अशाच एका जीवाणूला दुसऱ्या पेशीने आत घेतलं. तो पचला नाही, राहिला. हळूहळू त्याने आपली बहुतेक कागदपत्रं मालकाच्या कुलपाच्या खोलीत जमा केली आणि आता तो बाहेर पडला तर जगणार नाही, मालकही त्याच्याशिवाय जगणार नाही. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी (तेव्हा त्या लिन सेगन या नावाने लिहीत) हा विचार सविस्तर मांडला. अनेक नियतकालिकांनी तो लेख परत केला होता. पुढे पुरावे निघत गेले. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो आणि तोही जीवाणूसारखा गोल. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा आहे. तिला स्वतःचे रायबोझोम आहेत आणि ते जीवाणूंच्या रायबोझोमच्या जवळ जाणारे आहेत.

आणि इथेच औषधाची गल्लत होते. लिनेझोलिड हे औषध जीवाणूंच्या रायबोझोमवर काम करतं. साध्या संसर्गासाठी दहा-पंधरा दिवस घेतलं तर सहसा काही बिघडत नाही. पण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते महिनोन्महिने घ्यावं लागतं. मग तंतुकणिकांमधलं प्रथिनांचं कामही मंदावतं. रक्तातल्या पेशी कमी होतात, पायांना बधिरपणा येतो, क्वचित नजरेवर परिणाम होतो. म्हणून असे उपचार चालू असताना वरचेवर रक्त तपासतात आणि डोळ्यांबद्दल, पायांबद्दल विचारत राहतात. पायाला मुंग्या येतात हे सांगायला संकोचणारे रुग्ण असतात, त्यांनी ते जरूर सांगावं. डॉक्टर त्याचीच वाट पाहत असतात.

बहिरेपणाची गोष्ट याहून विलक्षण. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या गटातल्या इंजेक्शनांनी कानाला इजा होऊ शकते हे जुनंच ज्ञान. पण काही घराण्यांत अगदी थोड्या मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येतो आणि तो आईकडूनच्या नात्यांत आढळतो. मामाला झाला तर भाच्याला धोका, पण मामाच्या मुलांना नाही. याचं एक कारण म्हणजे तंतुकणिकेच्या डीएनएमधल्या १५५५ क्रमांकाच्या अक्षरातला बदल. त्या एका अक्षराने तंतुकणिकेचा रायबोझोम जीवाणूच्या रायबोझोमसारखा आणखी दिसू लागतो आणि औषध त्याला शत्रू समजून धरतं. तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात, म्हणून ही वाट मातृकुळाची. घरात असं कुणाला झालं असेल तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं.

मलेरिया केंद्रकवाला, तरी डॉक्सिसायक्लिन का चालतं?

मलेरियाचा परजीवी प्लाझमोडियम केंद्रकवाला. वरच्या हिशेबाप्रमाणे जीवाणूंच्या औषधाने त्याला काही व्हायला नको. तरीही मलेरियाच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांना प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते काम करतं. नियम मोडला की काय?

नाही मोडला. प्लाझमोडियमच्या पूर्वजाने कधीतरी एक लाल शैवाल आत घेतलं होतं. त्या शैवालात हरितलवक होतं आणि हरितलवक हेही तंतुकणिकेसारखंच, पूर्वी आत घेतलेल्या एका जीवाणूचं वंशज. आज प्लाझमोडियमला प्रकाश लागत नाही, तो हिरवाही नाही, पण त्या हरितलवकाचा अवशेष त्याच्या पेशीत शाबूत आहे. त्याला एपिकोप्लास्ट म्हणतात. त्याच्याभोवती चार पडदे आहेत. कुणी कुणाला कितीदा आत घेतलं याचा पुरावाच तो. परजीवीला लागणारे काही रेणू तिथे बनतात आणि त्याचे रायबोझोम जीवाणूंच्या वळणाचे. डॉक्सिसायक्लिन तिथे घाव घालतं. परिणाम मात्र लगेच दिसत नाही. औषध लागलेला परजीवी आपलं चक्र पुरं करतो, त्याची पुढची पिढी बिघडलेल्या एपिकोप्लास्टसह जन्मते आणि मरते. म्हणून अंगात ताप भरलेला असताना मलेरियावर नुसतं डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, झटपट मारणारं दुसरं औषध सोबत असतं.

केंद्रक नसलेले सगळे जीवाणूच का?

१९७७पर्यंत तसंच मानलं जायचं. त्या वर्षी कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी मिथेन बनवणाऱ्या काही सूक्ष्मजीवांच्या रायबोझोममधले रेणू तपासले आणि ते जीवाणूंच्या कुटुंबात बसेनात. केंद्रक नाही, आकार जीवाणूइतकाच, पण वंश निराळा. या गटाला आता आर्किया म्हणतात. गावातल्या गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजवण्याचं सुरुवातीचं काम जीवाणू करतात, पण ज्वालाग्राही मिथेन तयार करणारे शेवटचे कारागीर आर्कियाच असतात. त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन नाही, त्यामुळे पेनिसिलिनचा त्यांच्यावर असर नाही. डीएनए वाचायची त्यांची यंत्रणा जीवाणूंपेक्षा आपल्यासारखी जास्त.

आणि तो योगायोग नव्हे. वाडा बांधणारा मूळ मालक कोण याचा शोध घेताना संशोधक आर्कियापर्यंतच पोहोचले. २०१५ साली आर्क्टिक समुद्राच्या तळातल्या गाळातून मिळालेल्या डीएनएत आर्कियाचा एक गट सापडला, ज्याच्याकडे केंद्रकवाल्या पेशींचीच समजली जाणारी अनेक जनुकं आहेत. आजचं बहुमान्य मत असं की अशाच एखाद्या आर्कियाने जीवाणूला आत घेतलं आणि त्या घरोब्यातून आपण सगळे निघालो. म्हणजे आपली कागदपत्रं सांभाळायची पद्धत एका बिनकेंद्रकाच्या पूर्वजाकडून आली आणि चूल दुसऱ्याकडून. शाळेच्या तक्त्यातले दोन रकाने तळाशी एकमेकांत मिसळलेले आहेत.

तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्याचं काय?

ही हुशार विद्यार्थ्याची शंका. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत खरंच केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात. तरी ती आदिकेंद्रकी नव्हे. अस्थिमज्जेत घडताना तिला केंद्रक होतं, हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून ते तिने बाहेर टाकलं. तिचं विभाजन होत नाही, नवी प्रथिनं ती बनवू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांत ती मोडीत निघते. पेशी कुठल्या प्रकारची हे ती कुठून आली यावरून ठरतं, आज आत काय शिल्लक आहे एवढ्यावरून नाही.

आकाराचा नियमही असाच सैल आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांच्या खारफुटीत सडत्या पानांवर थायोमार्गारिटा मॅग्निफिका नावाचा जीवाणू मिळाला, त्याचं वर्णन २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. तो सुमारे १ सेंटिमीटर लांब, क्वचित २ सेंटिमीटरपर्यंत, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. इतकंच नाही तर त्याचा डीएनए छोट्या छोट्या पडदाबंद पिशव्यांत ठेवलेला. परीक्षेत त्याने आपला रकाना चुकवला असता.

आणि विषाणू?

विषाणू या तक्त्यात कुठेच नाही, कारण त्याला पेशीच नाही. भिंत नाही, पेशीपटलावर चालणारा कारभार नाही, रायबोझोम नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपलेच रायबोझोम वापरून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. सर्दी, फ्लू किंवा डेंग्यूच्या तापात अँटिबायोटिक घेतलं तर त्याला धरण्याजोगं काही विषाणूत नसतंच. पोटातल्या जीवाणूंवर मात्र ते पुरतं काम करतं आणि जुलाब होतात.

विषाणूचं औषध करायचं तर त्याने स्वतःसोबत आणलेल्या मोजक्या विकरांपैकी एखादं गाठावं लागतं आणि ती विकरं प्रत्येक कुळाची वेगळी. फ्लूवर देतात ते ओसेल्टामिविर न्यूरामिनिडेज या विकराला अडवतं. नवे तयार झालेले फ्लूचे विषाणू आपल्या पेशीपासून सुटे होतात ते त्या विकराच्या जोरावर. डेंग्यूच्या विषाणूकडे ते विकर नाही, म्हणून तीच कॅप्सूल डेंग्यूच्या रुग्णाला दिली तर काहीच होणार नाही.